गर्भनाशाचें खापर कोणाच्या माथीं?

जागतिक आरोग्य संघटनेनें इ. स. २०२२ या वर्षाचे जे अदमास प्रसिद्ध केले आहेत, त्यांतील एका आंकड्यापाशीं वाचकांनीं क्षणभर थांबावें अशी आमची विनंति आहे. त्या एका वर्षांत जगांतील सुमारे ११ लक्ष गर्भवती स्त्रियांच्या शरीरांत उपदंशाचा, म्हणजे आपल्याकडे लोक ज्यास गरमी म्हणतात त्या रोगाचा, जंतु होता. आणि त्यापायीं ३ लक्ष ९० हजारांवर गर्भारपणांचा शेवट वाईट झाला. त्यांपैकीं सुमारे दीड लक्ष गर्भ पोटांतच गेले किंवा मृत जन्मले; सुमारे ७० हजार अर्भकें जन्मल्यावर थोडक्या दिवसांत दगावलीं; बाकीचीं अपुऱ्या दिवसांचीं, अपुऱ्या वजनाचीं किंवा अंगांत रोग घेऊन जन्मलीं. ज्या रोगाचा जंतु १९०५ सालीं बर्लिन येथें शाउडिन आणि हॉफमान यांनीं सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं पाहिला, ज्याची रक्तपरीक्षा १९०६ सालीं निघाली, आणि पेनिसिलिन ज्यावर रामबाण आहे असें १९४३ सालीं दिसून आलें, तो रोग शंभर वर्षांहून अधिक काळ ओळखीचा असूनही एवढा संहार करितो, यास दैव म्हणावयास आम्ही तयार नाहीं. हा माणसांचा आळस आहे, आणि त्याहूनही अधिक ही माणसांची लाज आहे.

असा विषय दैनिक पत्रांत आणणें सभ्यपणास शोभत नाहीं असें म्हणणारे गृहस्थ आमच्या वाचकांत असतील. त्यांस आम्हांला एवढेंच विचारावयाचें आहे कीं, जी गोष्ट घरोघरीं माजघरांत रडत बोलली जाते ती ओटीवर येतांच असभ्य कां व्हावी? रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं १९२७ सालीं मुंबईंत 'समाजस्वास्थ्य' मासिक काढून या तऱ्हेच्या विषयांवर उघड लिहिण्यास आरंभ केला, तेव्हां त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले, आणि १९३४ सालच्या खटल्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. कर्व्यांस दंड झाला; ज्या रोगांविषयीं ते लिहीत होते त्यांस मात्र कोणी दंड केला नाहीं.

आपल्या समाजांत गर्भ गेला म्हणजे प्रथम चौकशी होते ती बाईच्या वागणुकीची. तिनें पपई खाल्ली असेल, ग्रहणांत विळी हातीं धरिली असेल, तिन्हीसांजेला चिंचेखालून गेली असेल, जड हंडा उचलला असेल. दुसऱ्यांदा गेला म्हणजे वागणुकीची जागा तिच्या कुशीस मिळते; "हिच्या पोटीं टिकत नाहीं" असा निकाल लागतो. तिसऱ्यांदा गेला म्हणजे करणी, दृष्ट, पूर्वजन्मींचें पाप यांचा शोध सुरू होतो. पुढें एखादें मूल जगलेंच तर मृत्यूची नजर चुकावी म्हणून त्याचें नांव दगडू, धोंडू, भिकू, केरू असें ठेवण्याची चाल आपल्याकडे किती घरांनीं पाळली, हें शाळांचे जुने हजेरीपट चाळले असतां कोणासही कळेल. या नांवांस हंसणाऱ्या शहरी मंडळींनीं हें ध्यानांत घ्यावें कीं, त्यांतील कित्येक नांवांमागें त्याच आईचीं एक-दोन मुलें गेलेलीं असत. त्या आयांचें दुःख खरें होतें. त्यांस सांगितलेलें कारण मात्र खोटें होतें. आणि या साऱ्या शोधांत ज्याची चौकशी कोणी करीत नाहीं असा घरांत एकच माणूस असतो, तो म्हणजे त्या बाईचा नवरा.

येथें एक गोष्ट आरंभींच स्पष्ट केली पाहिजे, नाहीं तर एका भ्रमाच्या जागीं दुसरा बसविल्याचा दोष आमच्याकडे येईल. प्रत्येक गर्भपात जंतूंमुळें होतो असें मुळींच नाहीं. ओळखूं आलेल्या दर शंभर गर्भारपणांपैकीं दहा ते पंधरा आपोआप संपतात, आणि पहिल्या तीन महिन्यांत जे गर्भ जातात त्यांपैकीं निम्म्यांच्या आसपास गर्भांत गुणसूत्रांची मांडणीच मुळांत चुकलेली असते. ती चूक पपईनें होत नाहीं, हंड्यानें होत नाहीं, आईच्या किंवा बापाच्या पापानें होत नाहीं. तेथें कोणासच दोष नाहीं व बहुतेक वेळां औषधही नाहीं; आणि अशा बाईस पुढच्या खेपेस निरोगी मूल होण्याचा संभव पुष्कळच असतो. आमचा रोख आहे तो मुख्यत्वें चौथ्या महिन्यानंतर जाणाऱ्या गर्भांकडे आणि मृत जन्मणाऱ्या मुलांकडे. या उत्तरार्धांत जंतूंचा हात बराच मोठा असतो, आणि तेथेंच मनुष्याच्या हातीं कांहीं असतें.

उपदंशाचा जंतु मळसूत्रासारखा पिळाचा असतो. तो आईच्या रक्तांतून वारेंत शिरतो आणि वार ओलांडून गर्भाच्या रक्तांत जातो. वार सुजून जाड होते, तिच्यांतील रक्तवाहिन्या अरुंद होतात, गर्भाचें यकृत बिघडतें, त्याचें रक्त पातळ होतें, आणि एके दिवशीं त्याची हालचाल थांबते. या सर्व काळांत आईला ताप नसतो, दुखणें नसतें. रोग लागल्यावर कांहीं आठवड्यांत एक न दुखणारा व्रण येतो. स्त्रीच्या शरीरांत तो आंतल्या बाजूस असला तर दृष्टीसही पडत नाहीं, आणि औषधावांचून आपोआप भरतो. पुढें अंगावर पुरळ उठतें, तेंही मावळतें. मग रोग वर्षानुवर्षें मुकाट्यानें राहतो. उपचार न झालेल्या गर्भवतींपैकीं निम्म्या किंवा त्याहून अधिक स्त्रियांच्या गर्भास या ना त्या प्रकारें इजा होते. ज्या बाईच्या वागणुकीस कोणी बोट लावूं शकणार नाहीं आणि जिनें एक दिवस अंथरूण धरिलेलें नाहीं, तिच्याही शरीरांत हा असा दडून बसलेला असूं शकतो.

व्हिएन्ना येथील कासोविट्झ नांवाच्या बालवैद्यानें एकोणिसाव्या शतकांत या रोगाविषयीं एक निरीक्षण करून ठेविलें आहे. आमच्या मतें तें प्रत्येक मराठी कुटुंबांत मोठ्यानें वाचलें गेलें पाहिजे. उपदंशानें ग्रासलेल्या आईचीं गर्भारपणें ओळीनें पाहिलीं तर बहुधा असें दिसतें कीं, पहिला गर्भ अर्ध्यावरच पडतो, दुसरें मूल पुऱ्या दिवसांच्या सुमारास पण मेलेलें जन्मतें, तिसरें जिवंत पण रोगी निपजतें, आणि पुढें केव्हां तरी एक निरोगी मूल होतें. कारण वर्षें लोटतात तसतसे आईच्या रक्तांतील जंतु विरळ होत जातात. हा क्रम प्रत्येक घरीं तंतोतंत लागूं होतो असें नाहीं, पण त्याचा कल खरा आहे. आतां हाच क्रम सासूबाईंच्या नजरेनें पाहा. पहिला गेला तेव्हां ग्रामदेवतेला नवस बोलला. दुसरें मेलेलें जन्मलें तेव्हां मांत्रिकाकडे नेलें. तिसरें दोन महिन्यांत गेलें तेव्हां वास्तूंत दोष निघाला, न्हाणीघराची जागा बदलली. चौथें जगलें! मग नवस फळला, वास्तु शुद्ध झाली, मुलाचें नांव दगडू ठेविलें. आणि ज्या तीन जिवांस पेनिसिलिनच्या सुईनें वांचवितां आलें असतें त्यांचा हिशेब देवीच्या खात्यांत मिटला. रोग आपल्या गतीनें ओसरला आणि श्रेय भलत्यानेंच घेतलें. आमचा कोणाच्या श्रद्धेवर राग नाहीं. ज्या आईस नवस बोलावयाचा असेल तिनें तो अवश्य बोलावा. मात्र देवळाच्या वाटेवर सरकारी दवाखाना लागतो, तेथें बोटाचें थेंबभर रक्त देऊन मग पुढें जावें.

उपदंश हा या टोळीचा नायक खरा, पण तो एकटा नाहीं. निरोगी स्त्रीच्या योनिमार्गांत दह्याच्या जंतूंच्या कुळींतले जंतु वस्तीस असतात. ते आम्ल तयार करितात आणि त्या आम्लामुळें इतर जंतूंस तेथें थारा मिळत नाहीं. हे राखणदार कमी झाले म्हणजे गार्डनेरेला आदिकरून जंतु माजतात. पातळ, करडट पांढरें जाऊं लागतें, माशासारखा वास येतो, किंवा बाईस कांहींच जाणवत नाहीं. डॉक्टर यास बॅक्टेरियल व्हजायनोसिस म्हणतात. गर्भारपणाच्या आरंभीं ही अवस्था असलेल्या स्त्रियांत चौथ्या ते सहाव्या महिन्यांतील गर्भपात आणि अकालप्रसूति यांचें प्रमाण बरेंच अधिक असतें, असें १९९४ सालीं इंग्लंडांतील वैद्यांनीं दाखवून दिलें. तेव्हां सगळ्या गर्भवतींस प्रतिजैविक औषधें चारावीं म्हणजे काम झालें, असें पुष्कळांस वाटलें. परंतु फ्रान्समध्यें ज्यांस विशेष धोका नव्हता अशा गर्भवतींवर क्लिंडामायसिनचा जो मोठा प्रयोग झाला व ज्याचा निकाल २०१८ सालीं प्रसिद्ध झाला, त्यांत उशिराचे गर्भपात व फार लौकरच्या प्रसूति कमी झाल्या नाहींत. दोन गोष्टी बरोबर दिसतात म्हणून एकीस मारलें असतां दुसरी मरेलच असें नाहीं. ज्या बाईस त्रास आहे तिनें उपचार घ्यावाच. पण त्रास नसलेल्या सर्वांस गोळ्या वाटीत सुटणें शास्त्रास धरून होणार नाहीं. क्लॅमिडिया आणि परमा यांची तऱ्हा निराळी. ते बीजवाहक नळ्यांस सूज आणून त्या आंतून चिकटवितात. मग गर्भ गर्भाशयापर्यंत न पोहोंचतां नळींतच रुजतो, आणि नळी फुटल्यास आईचाही जीव धोक्यांत येतो. आपल्या देशांत या कामांत क्षयाचा जंतुही सामील असतो. तो बहुधा फुप्फुसांतून रक्तावाटें नळ्यांत येऊन बसतो, आणि त्याचा कोणाच्या चालचलणुकीशीं कांहीं एक संबंध नसतो.

हीं दुखणीं किती घरांत असतात हें आपल्याच महाराष्ट्रांत मोजलें गेलेलें आहे. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह गडचिरोली जिल्ह्यांतील दोन गांवांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रांत तिचा वृत्तांत दिला. शंभरांत ९२ स्त्रियांस एक ना एक स्त्रीरोग निघाला. त्या दुखण्यांपैकीं निम्मीं जननमार्गाच्या संसर्गाचीं होतीं. आणि पूर्वीं कधीं तपासणी होऊन उपचार मिळालेल्या स्त्रिया शंभरांत अवघ्या ८ होत्या. या गोष्टीस तीन तपें लोटलीं. मध्यंतरीं दवाखाने वाढले, आशाताई दारापर्यंत येऊं लागली. तरी "अंगावरून पांढरें जातें" हें वाक्य बाई सर्वांत शेवटीं, दार ओढून घेऊन, खालच्या आवाजांत बोलते.

शहरांत उलट तऱ्हा. तेथें गर्भ गेला कीं 'टॉर्च' नांवाच्या तपासण्यांचा संच लिहून दिला जातो. त्यांत टॉक्सोप्लाझ्मा, रुबेला, सायटोमेगॅलो आणि हर्पिस यांच्या प्रतिद्रव्यांचा शोध असतो, आणि त्याचें बिल लहान नसतें. हीं प्रतिद्रव्यें मागें केव्हां तरी होऊन गेलेल्या बाधेचीही खूण असूं शकतात. पुन्हां पुन्हां गर्भ कां जातो याच्या शोधांत हा संच उपयोगी नाहीं असें ब्रिटनमधील प्रसूतिवैद्यांच्या संस्थेनें मागेंच सांगितलें आहे. तरी फायलींत टॉर्चचे कागद सांपडतात, आणि थोडक्या रुपयांची उपदंशाची परीक्षा केली होती काय म्हणून विचारलें तर पानें उलटीत बसावें लागतें. महाग तें शास्त्रीय, अशी एक नवी अंधश्रद्धा सुशिक्षितांत शिरली आहे. तिच्यापुढें जुना मांत्रिक पुष्कळ स्वस्त होता.

स्वस्त परीक्षा तरी डोळे मिटून वाचूं नये. व्हीडीआरएल या नांवाची जी रक्तपरीक्षा पुष्कळ ठिकाणीं होते, ती खुद्द जंतूस ओळखीत नाहीं. जंतूनें केलेल्या नासधुशीमुळें रक्तांत जें प्रतिद्रव्य उत्पन्न होतें त्यास ती ओळखते. तें प्रतिद्रव्य इतर कारणांनींही उत्पन्न होऊं शकतें. त्यांतील एक कारण आमच्या विषयास फार जवळचें आहे. अँटिफॉस्फोलिपिड विकार म्हणून रक्त नको तेथें गोठविणारा एक आजार आहे. त्यांत वारेंतील रक्तप्रवाहास अडथळा येऊन गर्भ पुन्हां पुन्हां जातो, आणि त्याच आजारांत व्हीडीआरएलची परीक्षा कधीं कधीं फसवें 'आहे' असें उत्तर देते. वाचकांनीं या योगायोगाचा परिणाम मनांत आणून पाहावा. एका बाईचे तीन गर्भ गेले. कागदावर गरमीचा शिक्का आला. घरानें तिला माहेरीं धाडिलें. वास्तविक तिला उपदंश नव्हताच, आणि हेपॅरिन व ॲस्पिरिन यांच्या साह्यानें तिचें चौथें मूल कदाचित् जगलें असतें. म्हणून टीपीएचएसारख्या दुसऱ्या परीक्षेनें खात्री केल्यावांचून कोणाही डॉक्टरानें रोगाचें नांव उच्चारूं नये. उलट, बोटाच्या रक्तावर पाव तासांत होणारी झटपट परीक्षा जंतूविरुद्धचींच प्रतिद्रव्यें पाहते. पण ती रोग बरा झाल्यावरही बहुधा जन्मभर 'आहे' असेंच सांगत राहते. मात्र गर्भवतीच्या बाबतींत, ती पुन्हां येईल असा भरंवसा नसेल तेथें, पहिली सुई त्याच दिवशीं देऊन बाकीची खात्री मागाहून करावी हाच शहाणपणाचा मार्ग ठरला आहे. कारण सुईनें होणारें नुकसान थोडें, आणि वाट पाहण्यानें होणारें नुकसान म्हणजे एक मूल.

औषध कोणतें, याविषयीं वैद्यांत मतभेद नाहीं. २४ लक्ष युनिट बेंझाथिन पेनिसिलिनची सुई. रोग नवा असल्यास एकदां, जुना किंवा कधींचा हें न कळणारा असल्यास आठवड्याआठवड्यानें तीन वेळां. आणि ही सुरुवात प्रसूतीपूर्वीं निदान ३० दिवस तरी झालेली असावी. पण या सुईची धास्ती आपल्या खासगी दवाखान्यांत फार. पेनिसिलिननें रोगी टेबलावरच गेला, अशी एक तरी गोष्ट प्रत्येक गांवीं ऐकूं येते, आणि डॉक्टरही ती ऐकूनच लहानाचा मोठा झालेला असतो. अशी घातक प्रतिक्रिया विरळा होते, व तिच्यावर ॲड्रिनॅलिनसारखा तोडगा जवळ ठेवतां येतो. सुई टाळून एरिथ्रोमायसिन किंवा ॲझिथ्रोमायसिनच्या गोळ्या दिल्या तर आईस बरें वाटेल, पण त्या वार ओलांडून गर्भापर्यंत पुरेशा पोहोंचत नाहींत. आई बरी झाली या समाधानांत मूल जातें. खरोखरच पेनिसिलिनचें वावडें असलेल्या गर्भवतीस इस्पितळांत ठेवून, अगदीं थोड्या मात्रेपासून चढवीत नेऊन, शेवटीं पेनिसिलिनच द्यावें लागतें. आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. हें औषध जुनें व स्वस्त असल्यामुळें तें तयार करण्यांत कारखानदारांस गोडी उरलेली नव्हती, आणि २०१४ ते २०१६ या अवधींत कित्येक देशांस त्याचा तुटवडा भोगावा लागला. ज्या औषधांत नफा नाहीं त्याची तजवीज सरकारांनीं स्वतः केली पाहिजे.

आतां नवऱ्याकडे वळूं. रोगाचें खापर दुसऱ्याच्या माथीं फोडण्याची खोड या रोगाच्या इतिहासांत पहिल्यापासून आहे. सोळाव्या शतकांतील भावमिश्राच्या 'भावप्रकाश' ग्रंथांत यास 'फिरंग रोग' म्हटलें आहे. म्हणजे आपण तो फिरंग्यांच्या नांवें लिहिला. युरोपांत इटालियन लोक त्यास फ्रेंचांचा रोग म्हणत, फ्रेंच त्यास नेपल्सचा म्हणत. इंग्रज सरकारनें १८६८ सालीं हिंदुस्थानांत सांसर्गिक रोगांचा कायदा केला, त्यांत वेश्यांची नोंद व शारीरिक तपासणी सक्तीची होती. ज्या गोऱ्या शिपायांच्या आरोग्याच्या नांवानें हें चाललें होतें त्यांवर मात्र तसली सक्ति नव्हती. हा एकांगी कायदा १८८८ सालीं रद्द झाला, पण त्याची बुद्धि रद्द झालेली दिसत नाहीं. आपल्या गर्भवतीतपासणीचा नित्याचा क्रम पाहा. बाईचें रक्त घेतलें जातें, कारण ती दवाखान्यांत येते. तिचा निकाल प्रथम कळतो, कारण तिचें रक्त प्रथम घेतलें. आणि ज्याचा निकाल प्रथम कळला त्यानेंच रोग घरांत आणिला, असा न्याय घरांत लागतो. हा न्याय खोटा आहे. रोग वर्षानुवर्षें न कळत राहूं शकतो हें वर सांगितलेंच आहे. कोणापासून कोणास लागला हें रक्ताचा कागद सांगूं शकत नाहीं. तो लग्नापूर्वींचा असेल, त्याचा असेल, तिचा असेल. सांगावयाचें तें इतकेंच कीं दोघांच्या अंगीं असेल तर दोघांसही औषध पाहिजे. बाईस सुई देऊन घरीं पाठविली व नवऱ्यास तसाच ठेविला तर पुढच्या महिन्यांत रोग पुन्हां तिच्याकडे येतो, आणि पोटांतील गर्भ ज्या संकटांतून सुटला त्यांतच पुन्हां पडतो.

ही गोष्ट एका उपदंशापुरती नाहीं. व्हजायनोसिस हें केवळ बायकांचें दुखणें म्हणून आजवर बायकांसच औषध देत, आणि तें पुन्हां पुन्हां उलटे. ऑस्ट्रेलियांत जोडप्यांवर एक प्रयोग झाला, त्याचा निकाल २०२५ सालीं प्रसिद्ध झाला आहे. ज्या स्त्रियांबरोबर त्यांच्या जोडीदारासही गोळ्या व मलम दिलें, त्यांत बारा आठवड्यांत दुखणें उलटण्याचें प्रमाण शंभरांत सुमारे ३५ निघालें. जेथें फक्त स्त्रीस औषध दिलें तेथें तें सुमारे ६३ होतें. हा प्रयोग गर्भवतींवरचा नव्हे हें खरें. पण ज्या दुखण्याचें बिऱ्हाड दोन घरांत आहे तें एकाच घरांतून कसें उठवावें?

कोणी म्हणेल, हीं श्रीमंत देशांचीं लक्षणें. आपल्यास हें परवडावयाचें नाहीं. वस्तुस्थिति अगदीं उलट आहे. आईकडून मुलास होणारा उपदंश व एचआयव्ही रोखल्याची जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता २०१५ सालीं जगांत प्रथम मिळविली ती क्यूबानें. आणि २०१९ सालीं ती श्रीलंकेस मिळाली, जो देश आपल्या दारांत आहे व आपल्यापेक्षां धनाढ्य म्हणून प्रसिद्ध नाहीं. याच्या उलट अमेरिकेंत जन्मजात उपदंशाचीं प्रकरणें २०१२ सालीं तीनशेंच्या वर थोडीं होतीं तीं २०२२ सालीं ३,७०० हून अधिक झालीं. आणि तेथील सरकारी रोगनियंत्रण केंद्रानेंच सांगितलें कीं त्यांतील दहांपैकीं जवळजवळ नऊ वेळेवर तपासणी व उपचार होते तर टळलीं असतीं. पैसा होता, औषध होतें. बाई दवाखान्यांत पोहोंचली नाहीं, किंवा पोहोंचली तेव्हां उशीर झाला होता.

आपल्या सरकारनें कांहीं केलें नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. जन्मजात उपदंश नाहींसा करण्याचें राष्ट्रीय धोरण २०१५ सालीं जाहीर झालें. २०१६ सालीं सुरू झालेल्या प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानानें दर महिन्याची ९ तारीख गर्भवतींच्या तपासणीसाठीं राखून ठेविली. गुप्तरोगांच्या उपचारासाठीं सुरक्षा क्लिनिकें निघालीं. एकाच थेंबावर एचआयव्ही व उपदंश या दोहोंची परीक्षा करणारी पट्टी वापरांत आली. योजनांची उणीव नाहीं. उणीव आहे ती योजना शेवटच्या उंबऱ्यापर्यंत नेण्याची. पहिल्या तिमाहींत एकदां परीक्षा झाली म्हणजे नऊ महिन्यांची हमी मिळाली असें समजूं नये. जेथें धोका आहे तेथें ती शेवटच्या तिमाहींत पुन्हां व्हावी. मृत मूल जन्मलेल्या एकाही आईस तिची उपदंशाची परीक्षा झाल्यावांचून इस्पितळांतून घरीं जाऊं देऊं नये. अशा आईस पहांटेंच्या अंधारांत गुंडाळलेलें मूल हातीं देऊन निरोप देण्याची घाई असते, आणि पुढच्या गर्भाचें भवितव्य ठरविणारा कागद तेवढा राहून जातो. निकाल सांगावयाचा तो त्या दोघांस, आणि बंद खोलींत. बाहेरच्या बाकांवर ऐकूं जाईल अशा आवाजांत नांव पुकारून नव्हे. आणि नवऱ्याची परीक्षा ही मेहेरबानी न राहतां तपासणीचा नित्याचा भाग व्हावी, म्हणजे त्यास बोलावणें हा संशय ठरणार नाहीं; जसें प्रत्येकाचें वजन करितात तसें तें होऊन जाईल.

यास नवा पैसा फारसा लागत नाहीं. कोणत्याही महिन्याच्या ९ तारखेस एखाद्या ग्रामीण रुग्णालयाच्या आवारांत जाऊन पाहावें. बाया आंत हातीं कार्ड घेऊन रांगेंत बसलेल्या असतात. नवरे फाटकाशीं मोटारसायकलींवर बसून त्यांची वाट पाहत असतात. तेथून रक्त घेण्याचें टेबल पन्नास पावलांवर असतें.